मुंबईत शॅमेलिऑनला ऊब कमी पडत नाही, ऊन कमी पडतं

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : घरातले प्राणी

मागच्या अंकात शॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, पिंजरा कसा असावा यावर थोडं लिहिलं होतं, आणि त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बहुतेक सगळे फिरून फिरून एकाच गोष्टीवर, बल्ब कुठला घेऊ, किती वॅटचा घेऊ, रात्री चालू ठेवू का. म्हणून यावेळचं पान सगळं त्यालाच देतोय. हॅमस्टर आणि लव्हबर्डवाल्यांनी जरा थांबा, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : दादा, मी मुलुंडला राहतो, एसवाय बीएस्सीला आहे. पैसे साठवून व्हेल्ड शॅमेलिऑनचं पिल्लू घेतलंय, मेल म्हणजे नर आहे, दुकानदार म्हणाला पाच महिन्यांचा. त्याने सोबत १०० वॅटचा लाल बल्ब आणि एक गुंडाळीसारखा छोटा यूव्ही बल्ब दिला आणि म्हणाला लाल बल्ब रात्रंदिवस चालू ठेव, हे गरम देशातले प्राणी आहेत. पिंजरा जाळीचा आहे, दोन बाय दोन बाय चार फूट. पण तो दिवसभर खाली कोपऱ्यात कुंडीच्या मागे बसून असतो, वर येतच नाही. ऊब कमी पडतेय का? दीडशेचा लावू का?

उत्तर : नको रे, दीडशेचा अजिबात नको, आणि हा लाल बल्बही आज रात्रीपासून बंद कर, हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच. तो खाली बसतोय कारण वर त्याला सहन होत नाहीये. शॅमेलिऑन झाडावरचा प्राणी आहे, त्याला उंचावरच सुरक्षित वाटतं, तो स्वतःहून तळाला जाऊन लपतो म्हणजे वर काहीतरी बिनसलंय असंच समजायचं, आणि तू सांगितलेल्या सेटअपमध्ये ते उष्णता सोडून दुसरं काही असेल असं मला वाटत नाही.

गरम देशातला प्राणी ही गोष्ट अर्धीच खरी आहे. व्हेल्ड येतो येमेन आणि सौदीच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ भागातून, तिथे दिवसा ऊन कडक पण रात्री चांगलंच गार होतं, आणि हा प्राणी त्या गार रात्रीतच खरी विश्रांती घेतो. आता आपल्याकडे बघ. मे महिन्यात मुंबईत दिवसा ३३-३४ अंश आणि रात्री पारा २७ च्या खाली यायला तयार नसतो, बंद खोलीत तर त्याहून जास्त. म्हणजे जो रात्रीचा गारवा त्याला हवा तो आधीच मिळत नाहीये आणि त्यात आपण डोक्यावर १०० वॅट पेटवून ठेवतोय. शिवाय त्याला रंग उत्तम दिसतात, आपल्यापेक्षा जास्तच, त्याला अल्ट्राव्हायोलेटचाही काही भाग दिसतो, तेव्हा लाल उजेड त्याला दिसत नाही हे जे दुकानात सांगतात ते धरून चालू नकोस. रात्र म्हणजे मिट्ट काळोख. लाल नाही, निळा नाही, चंद्रप्रकाशवाला बल्ब तर नाहीच नाही.

आता मुद्द्याचं. पिंजऱ्यावरचे दिवे तीन वेगवेगळी कामं करतात आणि दुकानात ती तिन्ही एकत्र करून विकतात म्हणून सगळा घोळ होतो. एक काम उजेडाचं, झाडं जगायला आणि प्राण्याला दिवस उजाडलाय हे कळायला. दुसरं काम उबेचं, सकाळी अंग तापवायला. आणि तिसरं यूव्हीबीचं, म्हणजे उन्हातला तो भाग ज्याच्यामुळे त्वचेत डी-३ जीवनसत्त्व बनतं आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचतं. यातली ऊब आपल्याकडे हवेतच आहे, वर्षातले बरेच महिने ती फुकट मिळते. उजेड साध्या एलईडीनेही होतो. पण यूव्हीबी घरात कुठूनच येत नाही, ते विकतच आणावं लागतं, आणि मुंबईतले लोक नेमका तिथेच हात आखडता घेतात आणि उबेवर पैसे घालतात. माझं ऐकशील तर बजेटमधला मोठा वाटा यूव्हीबीच्या ट्यूबला दे, थोडे पैसे थर्मामीटरला, आणि जे उरतील त्यात तापवायचा बल्ब.

ट्यूब घेताना टी-५ एचओ (म्हणजे बारीक पण जास्त ताकदीची) असं लिहिलेली लांब ट्यूब घे, ५.० किंवा ६ टक्के ताकदीची, दोन फुटी २४ वॅटची तुझ्या पिंजऱ्याला बरोबर बसेल. दुकानदाराने दिलेला गुंडाळीवाला बल्ब अगदीच टाकाऊ नाही पण त्याचं यूव्हीबी जेमतेम थाळीएवढ्या जागेत पडतं, प्राणी इकडे तिकडे सरकला की संपलं. लांब ट्यूबखाली पूर्ण फांदीभर ते मिळतं. ट्यूब जाळीच्या वर ठेवायची आणि बसायची फांदी अशी बांधायची की त्याची पाठ जाळीपासून सहा ते नऊ इंच खाली राहील. जाळी साधारण एक तृतीयांश यूव्हीबी खाते, बारीक जाळी आणखी जास्त, हे धरूनच मी हे अंतर सांगतोय. ज्यांच्याकडे यूव्ही इंडेक्स मोजायचं मीटर असेल त्यांनी फांदीवर ३ च्या आसपास आकडा धरावा. मीटर महाग असतं, एकट्याने घेण्यात अर्थ नाही, पण चार-पाच पाळणाऱ्यांनी मिळून एक घेतलं तर सगळ्यांचं काम होतं.

आणि फिटिंगकडे नीट बघ. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन टी-५ मागितलीस तर हल्ली दहापैकी नऊ वेळा एलईडीची पट्टी हातात देतील, तिला टी-५ म्हणतात खरं पण तिच्यात ही ट्यूब बसतच नाही. जुनी टी-५ ची फिटिंग मिळाली तरी ती बहुतेक २८ वॅटच्या चार फुटी ट्यूबची असते, त्याच लांबीची एचओ ट्यूब ५४ वॅटची असते, ती त्यात बसेल, पेटेलही, पण अर्ध्या ताकदीने, आणि डोळ्यांना काही कळणार नाही. तेव्हा ट्यूबचा वॅट आणि फिटिंगच्या चोकचा वॅट जुळतोय का ते वाचूनच पैसे दे. आत चकचकीत रिफ्लेक्टर असलेली फिटिंग मिळाली तर उत्तम. पुढे प्लॅस्टिकचं किंवा काचेचं झाकण असेल तर ते काढून टाक, त्यातून यूव्हीबी येत नाही.

ऊब : तुझ्या मेलला बसायच्या फांदीवर २९ ते ३१ अंश, तेही सकाळचे काही तास, आणि बाकी पिंजरा त्याहून गार, तळाकडे २४-२५ पर्यंत. पांढरा किंवा पिवळसर साधा हॅलोजन नाहीतर जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब, ३५ ते ४० वॅट, बस. तोही थर्मामीटर बघून. खोली आधीच ३१ वर असेल तर बल्ब लावायचं कारणच नाही. यूव्हीबी आणि ऊब मात्र एकाच फांदीवर पडू दे, कारण डी-३ बनतं ते दोन पायऱ्यांत, यूव्हीबीने त्वचेत त्याचं कच्चं रूप तयार होतं आणि पुढची पायरी अंगाच्या उबेने पुरी होते, एक असून दुसरं नसेल तर पीठ मळून ठेवलं पण तव्यावर टाकलंच नाही असं होतं.

थर्मामीटर चिकटवायचा गोल काट्याचा नको, तो वाट्टेल ते दाखवतो. वायरला टोक असलेला डिजिटल घे आणि ते टोक त्याची पाठ जिथे येते तिथेच बांध, भिंतीला नाही. कोविडच्या वेळची कपाळाला लावायची गन घरात पडली असेल ती इथे चालत नाही, ती माणसाच्या तापाच्याच आकड्यांपुरती बनवलेली असते.

एक शेवटचं, मुद्दाम सांगतो कारण पत्रात तू लिहिलं नाहीस. आठवड्यातून एकदा त्याच्या डोक्यावरचा तुरा आणि पाठीचा कणा नीट बघत जा. शॅमेलिऑन बल्बखाली भाजत असतानाही बऱ्याचदा हलत नाही, आणि जाळीला उलटा लटकून बल्बला चिकटायचीही सवय असते. तिथे काळपट किंवा पांढुरका कोरडा डाग दिसला तर ती भाजल्याची खूण आहे, घरची हळद वगैरे लावत न बसता एक्झॉटिकवाल्या, म्हणजे असे वेगळे पाळीव प्राणी बघणाऱ्या, डॉक्टरांकडे जा. बल्ब जाळीला टेकवून ठेवू नकोस, जाळीच्या चार-पाच बोटं वर टांग.

आणि हो, कागदपत्रं. व्हेल्ड, पँथर, जॅक्सन्स या शॅमेलिऑनच्या सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी घरी आणल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. दुकानदाराने पावती दिली नसेल तर आजच माग.

प्रश्न : मी गिरगावात राहतो, वय ७१. नातवाने शॅमेलिऑन आणला आणि तो आता नोकरीसाठी बंगलोरला गेला, प्राणी माझ्याकडे. यूव्हीच्या ट्यूबची किंमत ऐकून धक्का बसला. आमच्या जुन्या वॉटर प्युरिफायरमध्ये यूव्हीची ट्यूब आहे, चालू आहे अजून. ती काढून लावली तर चालेल का? नाहीतर पिंजरा खिडकीपाशी ठेवतो, काचेतून दुपारी छान ऊन येतं.

उत्तर : काका, प्युरिफायरची ट्यूब कृपा करून लावू नका, चाचणी म्हणूनही नाही. ती यूव्ही आहे पण यूव्हीसी, २५४ नॅनोमीटरची, ती बनवलीच आहे जंतू मारायला. उघड्यावर पेटवली तर त्या प्राण्याचे डोळे आणि कातडी जळेल आणि तुमचेही डोळे काही तासांत वाळू गेल्यासारखे चुरचुरायला लागतील. शॅमेलिऑनला हवं ते यूव्हीबी वेगळं, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर. नोटा तपासायचा जांभळा दिवा, नेलपॉलिश वाळवायचा दिवा, फिश टँकची निळी ट्यूब, या कशातही ते कामापुरतं नसतं. म्हणजे नावात यूव्ही आहे म्हणून चालेल असं होत नाही.

काचेचंही तसंच. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ सगळं अडतं. त्याला ऊन मिळतंय असं आपल्याला दिसत राहतं आणि तिकडे हाडं ठिसूळ होत जातात.

पण काका, तुमच्याकडे गॅलरी असेल तर एक गोष्ट फुकट आहे आणि ती कुठल्याही ट्यूबपेक्षा चांगली आहे. सकाळी साडेआठ ते दहाच्या मधे जाळीचा छोटा पिंजरा गॅलरीत ठेवा, वीसेक मिनिटं, अर्ध्या भागावर जास्वंदीच्या फांद्या टाकून सावली करा म्हणजे त्याला नको वाटलं की आत सरकेल, आणि त्याच्यावर थोडं पाणी फवारा. काचेची टाकी मात्र उन्हात ठेवायची नाही, पाच-दहा मिनिटांत आतली हवा इतकी तापते की प्राणी जातो. आणि तिथून उठून चहा टाकायला आत जायचं नाही, गिरगावातले कावळे तुम्हाला माहीत आहेतच, वर घारीही असतात, जाळीतून चोच घालून पाय ओढल्याच्या गोष्टी मी ऐकल्यात. तुम्ही पेपर घेऊन शेजारी बसलात की पुरे.

आठवड्यात तीन-चार दिवस असं जमलं तर फार चांगलं, पण पावसाळ्यात सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणून ट्यूब लागणारच. नातवाला सांगा पाठवायला, प्राणी त्याने आणलाय, खर्चही त्याने करावा, यात संकोच काही नाही.

प्रश्न : डोंबिवलीला वरच्या मजल्यावर राहते, वर थेट गच्ची. एप्रिलपासून आमचा पँथर दुपारी तोंड उघडं ठेवून बसतो आणि रंग एकदम फिका पडतो. बल्ब ५० वॅटचा आहे, सकाळी सात ते संध्याकाळी सात. ट्यूबही तेवढाच वेळ. मिस्टर म्हणतात त्याला सर्दी झालीय, बल्ब वाढवूया. काय करू?

उत्तर : ताई, दुपारी, उन्हाळ्यात, फिका रंग आणि तोंड उघडं, हे बहुतेक वेळा गरम झाल्याचंच लक्षण. ते घामाने अंग गार करू शकत नाहीत, तोंड उघडून उष्णता बाहेर टाकतात, आणि रंग फिका करतात म्हणजे ऊन कमी शोषलं जावं. सकाळी उठल्यावर तेच उलटं दिसेल, काळपट गडद होऊन एक कूस बल्बकडे करून बसतो, तेव्हा त्याला ऊब हवी असते. हे दोन रंग ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं, थर्मामीटर आपण बघतो पण शॅमेलिऑनही रंगाने दिवसभर सांगतच असतो.

तुम्ही उन्हाळ्यापुरतं असं करा. तापवायचा बल्ब सकाळी एक तास, फार तर दीड, आणि ज्या दिवशी खोली सकाळीच ३० च्या वर आहे त्या दिवशी तोही नाही. यूव्हीबीची ट्यूब आणि एलईडी मात्र बारा तास चालू द्या, त्यांची वेळ कापू नका, बऱ्याच जणी उन्हाळ्यात सगळेच दिवे बंद करतात आणि मग जूनमध्ये पाय वाकलेला प्राणी घेऊन डॉक्टरकडे धावतात. पिंजरा गच्चीच्या स्लॅबपासून खाली आणा, उंच स्टुलावर असेल तर बुटक्या टेबलावर, कारण तुमच्या घरात छतापाशी आणि कंबरेपाशी दोन-तीन अंशांचा फरक सहज असेल. पश्चिमेची भिंत टाळा. छोटा टेबल फॅन पिंजऱ्यावर नाही तर बाजूने जाईल असा लावा. दुपारी पाण्याचा फवारा, साध्या पाण्याचा, बर्फाचा नाही.

मिस्टरांची शंका अगदीच चूक नाही हं. पहाटे गारव्यातही तोंड उघडंच असेल, श्वासाबरोबर टकटक किंवा घरघर आवाज येत असेल, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसत असेल, तर तो छातीचा संसर्ग आहे आणि त्याला बल्बने बरं वाटणार नाही, औषध लागेल. दोन दिवस पहाटे उठून बघा.

पँथर मुळात मादागास्करच्या किनाऱ्याकडचा, उबदार दमट हवेचा, त्यामुळे आपल्या मुंबईत इतरांपेक्षा तोच बरा रमतो असं माझं मत आहे. जॅक्सन्स मात्र केनिया-टांझानियाच्या थंड डोंगरांतला, रात्री एसी लावण्याची ऐपत आणि तयारी नसेल तर इथे कोणी तो आणूच नये.

प्रश्न : रात्री आम्ही एसी २४ वर लावून झोपतो आणि पिंजरा बेडरूममध्येच आहे. व्हेल्ड मादी आहे, वर्षाची. तिच्यासाठी रात्री सिरॅमिक हीटर लावावा का? (अंधेरी)

उत्तर : नको. २४ ची रात्र तिला आवडेल, तिला तर अजून चार अंश कमी असते तरी चाललं असतं. एसीचा झोत थेट पिंजऱ्यावर येत नाही एवढं बघा, आणि एसीने हवा कोरडी होते म्हणून झोपताना आणि पहाटे दिवे लागायच्या आधी पानांवर चांगलं पाणी फवारा.

तुमची मादी आहे म्हणून एक जास्तीचं. तिची बसायची फांदी मेलसारखी ३० वर नको, २७ च्या आसपास ठेवा आणि खाणंही मोजकं. व्हेल्डची मादी नर नसतानाही अंडी घालते, आणि ऊब जास्त, खाणं जास्त अशी ठेवली की एकेका वेळी पन्नास-साठ-सत्तर अंडी होतात, शरीर पिळून निघतं, त्यात कॅल्शियम आणि यूव्हीबी कमी असेल तर अंडी अडकून मादी जाते. वॅट कमी केल्याने आयुष्य वाढतं असं मादीच्या बाबतीत अगदी सरळ म्हणता येतं. ओल्या वाळूची, निदान फूटभर खोल बादली पिंजऱ्यात कायम असू द्या.

प्रश्न : भांडुपहून लिहितोय. पावसाळ्यात दोन बल्ब फुटले, एक तर फवारा मारताना तडकन फुटला आणि काचा पिंजऱ्यात. दुसरा ऑनलाइन बाहेरून मागवलेला, लावल्या लावल्या भप्पकन जळाला. होल्डरही वितळलाय थोडा. नशीब खराब की काही चुकतंय?

उत्तर : नशिबाचा काही संबंध नाही, तिन्ही गोष्टींची कारणं साधी आहेत. पेटलेल्या बल्बची काच भयंकर तापलेली असते, तिच्यावर गार पाण्याचा थेंब पडला की ती तडकतेच, म्हणून फवारा मारायच्या आधी बल्ब बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. ऑटोमॅटिक मिस्टिंग असेल तर नोझल बल्बच्या उलट कोपऱ्यात, आणि टायमर असा लावा की पाणी दिवे लागायच्या आधी आणि दिवे गेल्यावर येईल. बल्बला पत्र्याची टोपी असली की वरून ठिबकणाऱ्या पाण्यापासूनही वाचतो.

दुसऱ्या बल्बचं खोकं फेकलं नसेल तर बघा, त्यावर १२० व्होल्ट छापलेलं असणार. अमेरिकेसाठी बनवलेला माल तो, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात, दुसरं काय होणार. मागवताना व्होल्ट बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

होल्डर वितळला कारण तो प्लॅस्टिकचा नाहीतर बॅकेलाइटचा होता. चिनी मातीचा, म्हणजे पोर्सेलिनचा होल्डर घ्या, लोहार चाळीत कुठेही मिळतो आणि फार महागही नाही. प्राण्यांचे बल्ब बहुतेक आट्याचे येतात, ई-२७, आणि आपल्या घरातले होल्डर पिनवाले, तर मधे ॲडॉप्टर घालून काम भागवू नका, तिथेच ते सैल होऊन ठिणग्या उडतात. सरळ आट्याचा पोर्सेलिन होल्डर लावा. वायर होल्डरपासून आधी खाली झुकवून मग वर बोर्डाकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झुकलेल्या जागी ठिबकेल. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, पिंजऱ्याचं पाणी तिथेच येतं. घरात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून बसवून घ्या, पाणी आणि वीज इतक्या जवळ ठेवणाऱ्या घरात तो हवाच, तुमच्यासाठीही.

पावसाळ्याचं एक अजून. जुलैत आपल्याकडे हवा इतकी ओली असते की पिंजरा दिवसभर वाळतच नाही, आणि ओली, कोंदट, गरम हवा म्हणजे छातीच्या आजाराला आमंत्रण. त्या दिवसांत छोटा बल्ब, २५-३५ वॅटचा, सकाळी तीन-चार तास लावा, तो तापवायला जितका तितकाच फांद्या वाळवायलाही. फवारा कमी करा, दोन फवाऱ्यांच्या मधे पानं कोरडी झालेली दिसली पाहिजेत.

प्रश्न : गावाहून, सांगलीकडून, पोरांनी शेतातला शॅमेलिऑन डब्यात घालून वसईला आणलाय. हिरवागार आहे, फार गोड दिसतो. त्याला कुठला बल्ब लावू?

उत्तर : कुठलाच नाही. तो आपला भारतीय शॅमेलिऑन, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पकडणं, बाळगणं, विकणं सगळा गुन्हा आहे. पोरांना रागावू नका, प्रेमानेच आणलाय त्यांनी, पण आजच्या आज वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि खरं काय ते सांगा. तोपर्यंत हवा खेळेल अशा खोक्यात एक पानांची फांदी घालून अंधाऱ्या शांत जागी ठेवा, पानांवर थोडं पाणी शिंपडा, हाताळू नका. स्वतः जाऊन वसईच्या झाडावर सोडू नका, ती त्याची जागा नाही. आणि तो बागेत मान वरखाली करणारा, गळा लाल होणारा नेहमीचा सरडा निघाला तरी उत्तर हेच, तो घरात ठेवायचा नाही.

प्रश्न : वीजबिल किती वाढेल? आणि टायमर लावावा का, आमच्याकडे बदलापूरला लाइट जाते अधूनमधून.

उत्तर : २४ वॅटची ट्यूब बारा तास, २० वॅटचा एलईडी बारा तास आणि ४० वॅटचा बल्ब चार तास धरला तर दिवसाला ०.७ युनिटच्या आत, महिन्याला वीस-एकवीस युनिट. शंभर वॅटचा लाल बल्ब चोवीस तास पेटवणाऱ्यांचे याच महिन्यात एकट्या त्या बल्बचेच ७२ युनिट होतात, तेवढ्यात वर्षाकाठी चांगली ट्यूब येते.

टायमर जरूर लावा, माणसाच्या उठण्या-झोपण्याच्या वेळा बदलतात, प्राण्याचा दिवस बदलू नये. पण चाकाचा, टिकटिक फिरणारा टायमर लाइट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो, म्हणजे दोन तास लाइट गेली तर तुमच्या शॅमेलिऑनचा सूर्य कायमचा दोन तास उशिरा उगवतो. बदलापूरला बॅटरी बॅकअपवाला डिजिटलच घ्या. बल्बचा उजेड कमी-जास्त करायला डिमर चालेल, पण तो फक्त हॅलोजन किंवा फिलामेंटच्या बल्बला, यूव्हीबीच्या ट्यूबला कधीच नाही.

प्रश्न : माझी यूव्हीबी ट्यूब दीड वर्षं झाली, मस्त पेटतेय. तरी दुकानदार बदला म्हणतो. धंदा करतोय का? (ठाणे)

उत्तर : यावेळी तो बरोबर सांगतोय. आपल्याला दिसतो तो उजेड, आणि यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही. आतला लेप हळूहळू थकतो, उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी मात्र घसरत जातं. चांगल्या कंपनीची टी-५ एचओ साधारण वर्षभर, गुंडाळीवाले बल्ब आणि जाडी जुनी टी-८ ट्यूब सहा महिने, त्यानंतर बदलायची. मीटर असेल आणि फांदीवर आकडा अजून नीट येत असेल तर पुढेही वापरा, नसेल तर जोखीम नको.

तुमचा प्राणी सध्या कसा आहे ते आजच बघा. फांदी पकडताना पकड सैल वाटते का, पुढचे पाय कोपरापाशी धनुष्यासारखे वाकलेत का, जबडा मऊ किंवा एका बाजूला झुकलेला वाटतो का, जीभ भक्ष्यापर्यंत पोचत नाही का. यातलं एक जरी दिसलं तरी नवी ट्यूब आणि डॉक्टर, दोन्ही याच आठवड्यात, कारण वाकलेलं हाड सरळ होत नाही, पुढचं वाकणं तेवढं थांबवता येतं. कॅल्शियमची पावडर, डी-३ नसलेली, रोजच्या किड्यांवर हलकी भुरभुरवा आणि डी-३ असलेली मल्टिव्हिटॅमिनची पावडर पंधरा दिवसांतून एकदा, रोज नाही, ती जास्त झाली तरी त्रासच होतो. आणि नवी ट्यूब लावाल तेव्हा तिच्या टोकाच्या पांढऱ्या भागावर मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवा.